घट्ट तेल आणि पातळ तेल

मासवण हें पालघर तालुक्यांतील सूर्या नदीच्या कांठचें गांव. त्या बाजूची वारली मंडळी मोहाच्या बियांचें तेल काढून स्वयंपाकांत वापरीत आलीं आहेत. हें तेल थंडींत थिजतें. करडईचें तेल मात्र पातळच राहतें. दोन्ही तेलें बियांचींच. मग हा भेद कां?

या प्रश्नाची उकल फ्रान्समध्यें सुरू झाली. शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञानें १८२३ सालच्या ग्रंथांत दाखविलें कीं, मेद हा ग्लिसरीन व मेदाम्लें यांच्या संयोगानें बनतो. पुढें असें कळलें कीं, मेदाम्ल म्हणजे कर्बाच्या परमाणूंची लांब सांखळी. सांखळ्या सरळ असल्या तर त्या एकमेकींस बिलगून बसतात व मेद थिजतो. मध्यें दुहेरी बंध असला तर तेथें बांक पडतो आणि मेद पातळ राहतो. मोहाच्या तेलांत सरळ सांखळ्या पुष्कळ, करडईच्या तेलांत थोड्या.

मेद हें केवळ सांठविलेलें इंधन नव्हे. पेशीचें आवरण मेदाच्या दुहेरी थराचें असतें, असें गॉर्टर व ग्रेंडेल यांनीं १९२५ सालीं मांडलें. कांहीं मेदाम्लें अन्नांतून मिळालींच पाहिजेत, हें बर दांपत्यानें १९२९-३० सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं सिद्ध केलें.

दरम्यान व्यापार निराळ्या वाटेनें चालला होता. जर्मनींतील नॉर्मन यानें निकेलच्या साहाय्यानें तेलांत हायड्रोजन मिळवून तें घट्ट करण्याची कृति शोधिली व १९०२ सालीं तिच्या पेटंटासाठीं अर्ज केला. याच कृतीनें बनलेलें वनस्पति तूप पुढें मुंबईस शिवडीच्या कारखान्यांत तयार होऊं लागलें, आणि १९३७ पासून ‘डालडा’ या नांवानें घरोघरीं पोंचलें. महाग तुपास स्वस्त पर्याय मिळाला. तुपांत त्याची भेसळ होऊं लागल्यानें गांधीजींनीं ‘हरिजन’ पत्रांतून कडक टीका केली.

परंतु खरा दोष भेसळीहून खोल होता. हायड्रोजन अपुरा मिळाला म्हणजे कांहीं दुहेरी बंध तसेच राहतात, पण त्यांचा बांक नाहींसा होतो. या ‘ट्रान्स’ मेदानें रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढतें व हितकारक घटतें, असें १९९० सालीं नेदरलंड्समधील प्रयोगांत आढळलें. भारतांत खाद्य तेलांतील व वनस्पतींतील अशा मेदाची मर्यादा जानेवारी २०२२ पासून शेंकडा २ वर आणण्यांत आली.

मोहाचें तेल किंवा साजूक तूपहि मर्यादेबाहेर खाणें हितावह नव्हेच. तथापि घट्टपणा डोळ्यांस सारखाच दिसला, तरी तो कोणत्या सांखळ्यांमुळें आला हें शरीर ओळखतें. एवढें कळण्यास शास्त्रास शंभराहून अधिक वर्षें लागलीं, आणि त्यांतील पन्नासएक वर्षें तो डबा आपल्या फडताळांत होता.