आहारविकार : लिंगभाव आणि कुटुंब

अन्न, वजन आणि शरीराचा आकार यांविषयीचे विचार मनाचा ताबा घेतात आणि माणसाचे खाणेच बिघडते, अशा मानसिक आजारांना आहारविकार म्हणतात. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसात खाणे इतके तोडले जाते की जिवावर बेतते. बुलिमियात भराभर खूप खाल्ले जाते आणि मग ओकून किंवा जुलाबाची औषधे घेऊन ते बाहेर काढले जाते. हे आजार बहुधा किशोरवयात किंवा विशीच्या सुरुवातीला जडतात. मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या मानसिक आजारांत अ‍ॅनोरेक्सिया मोडतो.

मुलींमध्ये त्याचे प्रमाण बरेच जास्त आढळते, पण तो केवळ मुलींचा आजार नाही. इंग्लंडमध्ये रिचर्ड मॉर्टन याने १६८९ साली नोंदवलेल्या दोन रुग्णांपैकी एक किशोरवयीन मुलगा होता. तरीही अमेरिकी निदानपुस्तिकेत मासिक पाळी थांबणे हा निकष २०१३ पर्यंत टिकला. पुरुषांना तो लागूच पडत नसल्याने मुलगा समोर असला की डॉक्टरांना या आजाराची शंकाही चटकन येत नसे. मुलांमध्ये बारीक होण्यापेक्षा पीळदार दिसण्याचा ध्यास पुष्कळदा दिसतो. अशा मुलाच्या तासन्‌तास चालणाऱ्या व्यायामाचे आणि मोजूनमापून खाण्याचे घरात कौतुकच होते. महाराष्ट्रात उपवासाच्या आडून जेवण टाळणेही घरच्यांच्या सहज लक्षात येत नाही.

कुटुंबाकडे पाहण्याची वैद्यकाची दृष्टी बराच काळ अन्यायाची होती. पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी १८७३ मध्ये ताटासमोरचा प्रसंग बारकाईने टिपला : घरचे आधी विनवतात, मग दरडावतात, आणि रुग्ण अधिकच हटून बसते. लंडनच्या विल्यम गल यांना तर नातेवाईक हेच सर्वांत वाईट शुश्रूषक वाटत. साल्वादोर मिनुशिन यांनी १९७८ मध्ये अतिकाळजी, ताठरपणा आणि भांडण टाळण्याची सवय यांत आजाराची पाळेमुळे शोधली. आईबापांच्या मनाला अपराधाची टोचणी लावणारी ही मांडणी पुढे टिकली नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा पुढे आला. आजाऱ्याचा हट्ट वाटतो तोही बराचसा उपासमारीचाच परिणाम असतो. मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांनाही अन्नाखेरीज काही सुचेना; काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले.

१९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात कुटुंबालाच उपचारात घेण्याची पद्धत आकाराला आली. कोणाचा दोष, ही चर्चा तीत बाजूला ठेवली जाते. काय आणि किती खायचे हे सुरुवातीला आईवडील ठरवतात, शेजारी बसून ते संपेपर्यंत धीर देतात आणि वजन सावरले की तो निर्णय हळूहळू मुलाच्या हाती सोपवतात. एकोणिसाव्या वर्षाआधी आजार सुरू झालेल्या आणि तीन वर्षांहून कमी काळ आजारी असलेल्या रुग्णांना तिचा अधिक लाभ झाल्याचे १९८७ च्या अभ्यासात दिसले. घरापासून दूर, वसतिगृहात किंवा नोकरीच्या गावी राहणाऱ्या प्रौढांसाठी वैयक्तिक मानसोपचारावर अधिक भर दिला जातो. त्यात जोडीदाराला किंवा पालकांना सामील करायचे की नाही, हे रुग्णाच्या संमतीने ठरते.