शिवेचा तंटा : गोतसभेपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

दोन गांवांत शिवेचा तंटा पडला, म्हणजे मराठी मुलखांत पूर्वीं गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारच्या गांवांतील जाणते एकत्र येत व उभय पक्षांचें म्हणणें शपथेवर ऐकत. शिवेच्या खुणा ज्यांना मुखोद्गत असत, त्या महारांच्या साक्षीला तेथें मोठें वजन असे. साक्षीपुराव्यानें निकाल लागेना, तर दिव्याचा आश्रय घेतला जाई. अखेर महजर होऊन त्यावर पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू अशा निशाण्या उमटत.

लातूर जिल्ह्याच्या सरहद्दीवरील आजचा वाद याच कुळींतला आहे. मात्र त्यांतील पक्षकार गांवें नसून राज्यें आहेत. निजामी अमलांत उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यांत मोडत. मराठी, कानडी व तेलुगू या तिन्ही भाषा त्या जिल्ह्यांत नांदत होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हैद्राबाद राज्याचें विभाजन झालें, तेव्हां बीदरचेहि तीन वांटे पडले. हे तीन तालुके मुंबई राज्यांत आले. बीदर, भालकी, औराद व हुमनाबाद म्हैसूरकडे गेले. नारायणखेड व झहिराबादचा बहुतेक भाग आंध्राला मिळाला. पुढें १९८२ सालीं लातूर जिल्हा स्वतंत्र झाला आणि उदगीर-निलंग्याची शीव ही त्याचीच शीव ठरली.

ही वांटणी मुख्यतः तालुक्यांच्या मापानें झाली होती. भाषा मात्र तालुक्याची हद्द पाहून थांबत नाहीं. म्हणून महाराष्ट्राचें म्हणणें असें कीं, खेडें हा घटक धरावा आणि सलगता, भाषिक बहुमत व लोकेच्छा पाहून सीमा आंखावी. १९६६ सालीं नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्यें आला. कर्नाटकानें तो प्रमाण मानला, महाराष्ट्रानें नाकारला. २००४ सालीं महाराष्ट्रानें ८६५ गांवांवर हक्क सांगून सर्वोच्च न्यायालयांत दावा गुदरला. बीदर-भालकीकडील गांवेंहि त्यांत आहेत.

येथें एक मूलभूत पेंच आहे. राज्यांमधील तंटा ऐकण्याचा अधिकार घटनेच्या १३१ व्या कलमानें न्यायालयास दिला आहे. परंतु राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार तिसऱ्या कलमानें संसदेकडे सोंपविला आहे. कर्नाटकाचा आक्षेप नेमका यावरच आहे. गोतसभेपुढें असा प्रश्न क्वचितच उभा राही. कारण तंटा जाणणारे व निवाडा पाळावयास लावणारे लोक एकाच सभेंत बसलेले असत.

दावा दाखल होऊन वीस वर्षें उलटलीं, तरी अंतिम निकाल लागलेला नाहीं. तोंवर भालकीच्या मराठी शेतकऱ्यास जमिनीचा उतारा कानडींत मिळतो, तर शिवेअलीकडील कानडी घराला सातबारा मराठींत वाचावा लागतो. निकाल कोणत्याहि बाजूनें लागो, शिवेच्या दोन्ही अंगांस परभाषी घरें राहणारच. त्यांच्या मुलांची शाळा आणि त्यांच्या जमिनीचे कागद त्यांना समजतील अशा भाषेंत ठेवणें, हें कर्तव्य मात्र कोणत्याहि निकालाची वाट पाहत थांबूं नये.