बंबाला धुराडं होतं

थंडी पडली की एक बातमी येतेच. गाव बदलतं, वय बदलतं, मजकूर तोच. आंघोळीला गेलेला माणूस बराच वेळ बाहेर आला नाही, हाका मारल्या, दार तोडलं, बेशुद्ध सापडला, गॅस गिझर चालूच होता. चौकात लोक म्हणतात, "सिलिंडर लीक असणार." बहुतेक वेळा लीक नसतो हो. लीक असता तर वास आला असता, कारण घरगुती गॅसमध्ये तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. माणूस मरतो तो जळून झालेल्या वायूने, कार्बन मोनॉक्साईडने. त्याला ना वास, ना रंग.

आता जरा मागे जाऊ. आपल्या आजीच्या घरी तांब्याचा बंब होता. शब्द मूळचा पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला म्हणतात, पण वस्तू पक्की आपलीशी झाली. खाली जाळी, त्यावर करवंट्या, शेणी, चिपाडं, जे असेल ते. मधून नळी वर गेलेली, तेच धुराडं. नळीभोवती पाणी. वरून तांब्याभर गार ओता, तोटीतून तांब्याभर कढत घ्या. आणि हा बंब असायचा कुठे? परसात, नाहीतर मागच्या पडवीत. पाणी बादलीने न्हाणीत जायचं, विस्तव बाहेरच राहायचा. न्हाणीचं दार असं की खालून मांजर जाईल. धूर चुकून आत आलाच तर डोळे चुरचुरायचे, खोकला यायचा, माणूस बाहेर पळायचा. कोणी विज्ञान शिकवलं नव्हतं, पण धूर कुठे जाणार हे आधी ठरलेलं असायचं.

गिझरचा जन्म मात्र धुराड्याशिवाय झाला. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन या घरं रंगवणाऱ्या गृहस्थाने गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र काढलं. आइसलँडच्या उकळत्या झऱ्यावरून नाव दिलं गिझर. पाणी तापायचं झकास, पण ज्वाळेतून निघालेला वायू बाहेर न्यायला नळीच नव्हती. सगळं न्हाणीघरातच. पुढे तिकडे नळ्या आल्या, नियम आले.

हा वायू नेमकं काय करतो हे फ्रान्सच्या क्लोद बर्नारने १८५० च्या दशकात दाखवलं होतं. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. ब्रिटनच्या जॉन स्कॉट हाल्डेनने तर १८९५ च्या सुमारास तो स्वतः हुंगून, काय काय होतं ते लिहून ठेवलं. खाणीत पिंजऱ्यातले छोटे प्राणी न्या, ते माणसाआधी कोसळतात, हा सल्ला त्याचाच. ब्रिटिश खाणींमध्ये कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत होते. आपल्या बाथरूममध्ये तेवढंही नाही.

हिशोब करून बघा. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गिझर स्वयंपाकाच्या शेगडीच्या एका बर्नरच्या पाच-सहा पट गॅस जाळतो. दहा मिनिटांत साधारण दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन खातो. ४ बाय ६ ची, ८ फूट उंच बाथरूम म्हणजे हवा साडेपाच घनमीटर, बस्स. ऑक्सिजन जरा कमी झाला की जळणं अर्धवट होतं आणि तिथून कार्बन मोनॉक्साईड वाढायला लागतो. भारतीय मानक आहे, आयएस १५५५८, २००५ चं. कंपनीच्या पुस्तिकेतही लिहिलेलं असतं, बंद जागेत लावू नका. पण पुस्तिका खोक्यात राहते आणि बसवणारा पोरगा विचारतो, "काका, नळ जवळ कुठाय?"

मग लोक म्हणतात, एक्झॉस्ट फॅन आहे ना. फॅन हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच आत यायला वाट लागते. दार घट्ट, खिडकीच्या काचा चिकटपट्टीने बंद, तर तो नुसता फिरतो. कुठे फॅन शाफ्टमध्ये उघडतो आणि शाफ्टवर पावसासाठी पत्रा ठोकलेला. म्हणजे पहिल्या मजल्याची दमट हवा तिसऱ्या मजल्याच्या घरात. काहींनी शहाणपणाने गिझर ड्राय बाल्कनीत लावला, आणि पुढच्याच दिवाळीत तिला स्लायडिंग काचा बसवल्या. कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी, गिझर आतच.

नगरपालिका नकाशात खिडकी मोजते. भोगवटा प्रमाणपत्र दिल्यावर त्या खिडकीचं काय झालं हे कोण बघतं? दर हिवाळ्यात नुसता 'आकस्मिक मृत्यू' नोंदवण्याऐवजी गिझर कुठे होता, हवा यायला फट होती का, हे पंचनाम्यात लिहिलं तरी बरंच उघड होईल. आमच्या बातमीतही तेवढ्या दोन ओळी बसतात.

तोवर घरी बदली भरून गिझर बंद करा, मग आंघोळीला बसा. दाराखाली बोटभर फट ठेवा, वरचं झरोकं उघडं ठेवा. फॅनचं तोंड थेट उघड्यावर निघतंय का ते वर जाऊन बघा, गच्चीवरून दिसतं.