यौवनलोपी

छातीचं मधलं हाड कापून बाजूला घेतलं की त्याच्यामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला, पिवळट चरबीचा एक गोळा लागतो. चिमट्यात धरला की कणाकणाने सुटतो. तीस वर्षं अ‍ॅनाटॉमी शिकवताना दर वर्षी नव्या मुलांना मी तो दाखवला: ही थायमस, आपल्याकडे यौवनलोपी ग्रंथी. लहानपणी भरलेली असते, वयात आलं की विरत जाते.

तिचा इतिहास सांगताना मात्र माझा आवाज चढायचा. चूक आमच्याच टेबलावर झाली होती.

टेबलावर देह कुणाचे येत? ब्रिटनमध्ये 1832 च्या कायद्याने गरीबखान्यांतले बेवारस देह वैद्यकशाळांना मिळू लागले. उपासाने, क्षयाने, जुनाट दुखण्यांनी झिजलेली माणसं. झिजणाऱ्या देहात थायमस फार लवकर आक्रसते. ती आक्रसलेली ग्रंथीच डॉक्टरांच्या डोळ्यांत 'नॉर्मल' म्हणून बसली. मग एखादं धडधाकट बाळ झोपेत गेलं आणि उघडून पाहिलं, की थायमस मोठी वाटे. निरोगी बाळाची असते तेवढीच होती हो ती! पण 1889 साली व्हिएन्नात पाल्टाउफ यांनी अशा मृत्यूंचं खापर तिच्यावर फोडलं आणि रोगाला भारदस्त लॅटिन नावही मिळालं. 1907 पासून अमेरिकेत तान्ह्या बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडून ती लहान करू लागले. गळ्यातली थायरॉइड त्या किरणांच्या वाटेतच. त्यातल्या काही मुलांना पुढे थायरॉइडचा कॅन्सर झाला. 1950 मध्ये हा संबंध छापून आला. नसलेल्या आजारावरचा उपचार होता तो.

ग्रंथीचं खरं काम कळायला 1961 उजाडलं. लंडनमध्ये जॅक मिलर उंदरांच्या रक्ताच्या कॅन्सरवर काम करत होते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची थायमस त्यांनी काढली. पिल्लं पुढे खंगत गेली, त्यांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी घटल्या. परक्या जातीच्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर लावली, तर ती जिवंत राहिली, तिच्यावर केसही आले. परकं ओळखणारंच कुणी उरलं नव्हतं.

आज आपण सांगतो, त्या लिम्फोसाइटांपैकीच कोवळ्या टी-पेशी थायमसमध्ये शिकतात. शरीराचीच प्रथिनं त्यांच्यापुढे धरली जातात. जी पेशी त्यांना घट्ट चिकटते ती तिथेच मारली जाते, जिला ती ओळखताच येत नाहीत तीही मरते. शंभरातल्या नव्वदहून जास्त बाहेर पडत नाहीत. जुन्या लोकांनी हिला निरुपयोगी म्हटलं होतं.

माझ्या मुलांच्या जर्नलमध्ये थायमसच्या आकृतीखाली मी तीन रकाने आखून घ्यायचे: वय, मृत्यूचं कारण, जिवंतपणी पोटाला पुरेसं मिळत होतं का. बेवारस देह असला की पहिला अंदाजाने भरायचा, दुसरा पोलिसांच्या कागदावरून. तिसरा कोराच राहायचा.