बरणीतली माती

गेल्या रविवारी अमेरिकेतून भाचीच्या मुलाने व्हिडिओ कॉलवर मला त्याची पाल दाखवली. हो, पाळलेली! मूळची न्यू कॅलेडोनियाची. ही जात नामशेष झाली असंच सगळे धरून चालले होते, ती १९९४ साली पुन्हा सापडली. पण मला नवल वाटलं ते तिच्या घराचं. काचेच्या पेटीत खरी माती, नेचे, शेवाळ, पालापाचोळा. "आजोबा, तिची घाण मातीतले किडेच खातात," म्हणाला.

या पेटीची आजी मला ठाऊक आहे. १८२९ साली लंडनच्या नाथानियल वॉर्ड या डॉक्टरांनी पतंगाचा एक कोश ओल्या मातीत घालून झाकणाच्या बरणीत ठेवला. वाट पाहत होते पतंगाची, मातीतून उगवला नेचा! कोळशाच्या धुराने त्यांच्या अंगणातले नेचे मरत. हा मात्र वरून पाणी न घालता जवळजवळ चार वर्षं जगला. मातीतली वाफ काचेवर जमायची आणि थेंब होऊन खाली यायची, बस्स. १८३३ मध्ये अशाच पेट्यांतून त्यांनी रोपं सिडनीला धाडली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आणली तीही यांतूनच. इतिहासाच्या तासाला मी चहा शिकवला, पेटी कधी शिकवली नाही. असो.

फोन ठेवल्यावर मात्र वेगळंच आठवलं. २००७ साली, कामोठ्याला नवीन राहायला आलो तेव्हा, नातीच्या हट्टापायी मी लाल कानाचं परदेशी कासव आणलं. (आपली देशी कासवं, घोरपडी घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ही परदेशी सर्रास मिळत.) प्लास्टिकचा टब, रंगीत खडे, प्लास्टिकचंच नारळाचं झाड. बसायला कोरडी जागा नाही, ऊन नाही. रात्रभर नखांनी टब खरवडायचं. आम्ही म्हणायचो, खेळतंय! उन्हावाचून कवच धरत नाही, हे इतकी वर्षं शिकवणाऱ्या मला ठाऊक नव्हतं. पाच महिन्यांत पाठ मऊ पडली आणि एका सकाळी ते हललंच नाही.

नातीला मी सांगितलं, तळ्यात सोडलं. हे खरं असतं तरी चूकच ठरली असती, ही कासवं आपल्या तळ्यांतल्या कासवांच्या मुळावर येतात.

ती आता मोठी झाली आहे, हे लिखाण वाचते. बाळा, ते तळ्यात गेलं नव्हतं. गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं. सोसायटीच्या आवारात तेव्हाही सगळीकडे फरशीच होती.