साडेचार कोटी कार्डं आणि नऊ दिवस बंद पडलेला सर्व्हर

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा भाग लावतील, मला माहीत आहे. सरकारी कॉपीराइट ऑफिसची कॉम्प्युटर सिस्टिम, आणि ती सुधारताना लोकांना कसं विचारलं गेलं. पण पाच मिनिटं थांबा. मीही यात स्वतःहून नाही शिरलो, मला ओढलं गेलं.

झालं असं की गेल्या वर्षी एका भागात मी एका जुन्या अमेरिकी सिनेमातला अर्ध्या मिनिटाचा आवाज वापरला. सिनेमा १९४८ चा, म्हणजे माझे आजोबा हाफ चड्डीत शाळेत जायचे तेव्हाचा. मला वाटलं, एवढं जुनं म्हणजे फुकटच असणार. दोन दिवसांत क्लेम आला आणि तो भाग गायब! चिडून मी शोधायला बसलो, की याचा हक्क आज आहे तरी कुणाकडे? आणि रात्री दीड वाजता, फोनवरूनच, वॉशिंग्टनमधल्या एका खोलीत पोचलो.

ती खोली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मॅडिसन बिल्डिंगमध्ये आहे. तिथे कॉपीराइटची सुमारे साडेचार कोटी कार्डं आहेत. १८७० ते १९७७ या काळात अमेरिकेत नोंदवलेली पुस्तकं, गाणी, नकाशे, फोटो, सिनेमे, सगळं त्यात. कुणी काय लिहिलं, कधी नोंदवलं, पुढे हक्क कुणाला विकले, हे त्या कार्डांवर टाइप केलेलं.

आधी ही नोंद एका ठिकाणी नव्हतीच. १७९० मध्ये पहिला कायदा आला तेव्हा लेखकाने आपापल्या जिल्ह्याच्या कोर्टात जाऊन नाव लिहायचं. पहिली नोंद झाली ती फिलाडेल्फियात, एका स्पेलिंगच्या पुस्तकाची. १८७० मध्ये लायब्ररीचे प्रमुख एन्सवर्थ स्पॉफर्ड यांनी काँग्रेसला पटवलं की हे सगळं काम माझ्याकडे द्या, आणि प्रत्येक कामाच्या दोन प्रतीही द्या. त्यांना लायब्ररी मोठी करायची होती, ती झाली. इतकी झाली की पुस्तकांचे ढीग जमिनीवर आले आणि नोंदी मागे पडल्या. शेवटी १८९७ मध्ये स्वतंत्र कॉपीराइट ऑफिस निघालं आणि थॉर्वाल्ड सोल्बर्ग त्याचे पहिले रजिस्ट्रार झाले. म्हणजे 'काम जास्त, माणसं कमी, ढीग वाढतोय' ही तक्रार या ऑफिसपेक्षाही जुनी आहे.

आता ही कार्डं इतकी महत्त्वाची का? कारण तेव्हाच्या कायद्यात एक अट होती. पहिली २८ वर्षं हक्क तुमचा. अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज केला तर पुढे चालू, विसरलात तर काम सगळ्या जनतेचं. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या १९४६ च्या सिनेमाचं हेच झालं. १९७४ मध्ये नूतनीकरण राहून गेलं, टीव्ही चॅनेलवाल्यांना फुकटचा सिनेमा मिळाला, त्यांनी तो दर नाताळात लावला, आणि थिएटरमध्ये फारसा न चाललेला सिनेमा घराघरात पोचला. (पुढे १९९३ मध्ये मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांवरून मालकांनी तो पुन्हा ताब्यात घेतला, ती वेगळी गंमत.) एक अर्ज राहिला आणि एवढं घडलं. पण तो अर्ज राहिला की नाही, हे कळणार कुठून? त्या खणांतून.

नवा कायदा १९७८ पासून लागू झाला आणि तेव्हापासूनच्या नोंदी कॉम्प्युटरवर गेल्या. त्याआधीच्या मात्र खोलीतच राहिल्या. वॉशिंग्टनला जाऊ शकता? मग शोधा. नाही जाऊ शकत? पैसे भरून ऑफिसकडून शोधून घ्या. किंवा ऑफिसने दरवर्षी छापलेले जाडजूड कॅटलॉग एखाद्या मोठ्या लायब्ररीत बसून चाळा.

आणि इथे मला या गोष्टीतला सगळ्यात आवडता भाग येतो. लोकांनी वाट पाहिली नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या स्वयंसेवकांनी त्या छापील कॅटलॉगमधल्या पुस्तकांच्या नूतनीकरणाच्या नोंदी उतरवून काढल्या, पानामागून पान. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्यातून सर्च करता येईल असा डेटाबेस बनवला. ना कुणी आमंत्रण दिलं, ना मानधन. आपल्याकडेही १८६७ च्या कायद्याने इंग्रज सरकार छापखान्यांकडून पुस्तकं घेऊन तिमाही याद्या छापायचं. हेतू नजर ठेवायचा होता, पण जुन्या मराठी पुस्तकांचा माग काढणारे आज त्याच याद्या उघडतात. सरकारी रजिस्टर बनतं एका कामासाठी आणि लोकांना लागतं भलत्याच कामासाठी. म्हणून ते कसं असावं हे फक्त रजिस्टर लिहिणाऱ्याने ठरवून चालत नाही.

२००८ मध्ये मात्र साधारण तसंच झालं. ऑनलाइन नोंदणीची सिस्टिम आली, बाजारातलं तयार सॉफ्टवेअर घेऊन ऑफिसच्या कामावर बसवलेली. सुरुवातीलाच खोळंबलेले अर्ज ५ लाखांच्या पुढे गेले. २०१३ मध्ये ऑफिसने जाहीर विचारलं, की सांगा, काय बदलायला हवं? उत्तरं आली. पण बदल करणार कोण? ऑफिसकडे स्वतःचे सर्व्हरच नव्हते, सगळं लायब्ररीच्या यंत्रणेवर. आणि २०१५ च्या मार्चमध्ये सरकारी लेखापरीक्षकांनीच दाखवून दिलं की लायब्ररीला २०१२ पासून आयटीचा कायमचा प्रमुखच नाही.

त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी डेटा सेंटरमध्ये विजेचं काम निघालं. वीकेंडला बंद, सोमवारी चालू, असा साधा हिशोब. सोमवारी नोंदणीची सिस्टिम उठलीच नाही. नऊ दिवस! कागदी फॉर्म भरायची सोय होती, पण त्याची फी जास्त. जगातल्या सगळ्यात मोठ्या सिनेमा आणि संगीत उद्योगांपैकी एकाच्या देशात कॉपीराइटचं दुकान नऊ दिवस शटर पाडून बसलं होतं.

तुम्ही म्हणाल, नऊ दिवसांनी काय बिघडतं? हक्क तर लिहिल्या क्षणीच मिळतो. बरोबर. पण २०१९ मध्ये अमेरिकी सुप्रीम कोर्टाने 'फोर्थ इस्टेट' खटल्यात सांगितलं, की नुसता अर्ज करून भागणार नाही, ऑफिसचा निर्णय आल्याशिवाय दावा लावता येणार नाही. त्या वेळी एका अर्जाला सरासरी सात महिने लागत होते. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी हेही लिहिलं की हा उशीर बराचसा माणसं आणि पैसा कमी असल्याने होतो आणि त्यावर उपाय काँग्रेसकडे आहे, कोर्टाकडे नाही. म्हणजे तुमचा फोटो कुणी चोरला, तर तुमचा न्याय एका जुनाट सॉफ्टवेअरच्या रांगेत उभा. (आपण इथल्या कामासाठी तिथे दावा लावला तर ही अट आड येत नाही. पण कायद्याने ठरलेली ठोक भरपाई मागायची तर वेळेत केलेली नोंदणी लागतेच.)

फोटोग्राफरचं उदाहरण घ्या. २०१८ पासून एका अर्जात ७५० फोटो नोंदवता येतात, सोबत प्रत्येक फोटोच्या नावाची यादी द्यायची. ऑफिसच्या बाजूने बघितलं तर ही मोठी सवलत. पण एका लग्नात दोन हजार फोटो काढणाऱ्या माणसाला विचारा! हा फरक टेबलाच्या पलीकडे बसलेल्यालाच दिसतो.

म्हणून नव्या सिस्टिमचं काम सुरू झालं तेव्हा ऑफिसने अर्जाचे कच्चे नमुने वापरणाऱ्यांना दाखवले, २०१८ मध्ये नोंदणीच्या पद्धतीवर पुन्हा जाहीर मतं मागवली, आणि २०२१ मध्ये लायब्ररीने बाहेरच्या लोकांची एक समिती नेमली. अर्ज मागवून निवडलेली. बैठका कुणालाही बघता येतील अशा. मात्र बोलायचं फक्त तंत्रज्ञानावर, कायद्यावर नाही.

मी यावर फार टाळ्या वाजवणार नाही. अशा समितीत बसायला वेळ असतो तो बहुतेक संघटनांच्या पगारी माणसांना. रात्री दीड वाजता एका सिनेमाचं कार्ड शोधणारा तिथे नसतो. आणि कायदा बाजूला ठेवून फक्त तंत्रज्ञान, ही रेघही मला पूर्ण पटत नाही. सर्चमध्ये कुठला रकाना येतो, यावरच पुष्कळदा ठरतं की हक्क कुणाचा ते सापडेल की नाही. तरी उघड बैठकीचा एक फायदा आहे. काम कुठे अडलंय हे सांगावं लागतं, आणि पुढच्या वेळी तेच उत्तर दिलं तर लोकांच्या लक्षात येतं.

काही गोष्टी हलल्याही. हक्क एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याची नोंद आधी कागदावर पाठवायला लागायची, ती २०२२ पासून सगळ्यांना ऑनलाइन करता येते. नव्या सर्चचा पायलट २०२० च्या डिसेंबरमध्ये आला आणि तेव्हा जुना सर्च बंद न करता शेजारीच चालू ठेवला, म्हणजे लोकांनी दोन्ही वापरून चुका सांगाव्यात. आणि कार्डांचे फोटो २०१८ पासून नेटवर टाकायला सुरुवात झाली, जसे खणात आहेत त्याच क्रमाने.

त्याच क्रमाने म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं. सर्च करून थेट उत्तर येईल ही आशा सोडायची. खण उघडायचा, अंदाजाने मध्येच उडी मारायची, पुढे गेलो तर मागे यायचं. अंगठा दुखायला लागला. तासाभराने कार्ड सापडलं. टाइपरायटरची अक्षरं, एक अक्षर जरा वर उडालेलं. नूतनीकरण वेळेत, अठ्ठाविसाव्या वर्षी केलेलं.

म्हणजे क्लेम बरोबर होता. तो भाग मी क्लिप काढून पुन्हा अपलोड केलाय, ऐका.