धानानंतर बांधीत मका : लागवडीची पद्धत आणि खताचे वेळापत्रक

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मका दोन प्रकारे घेतला जातो. पावसाळ्यात घराजवळच्या वाडीत हिरव्या कणसांसाठी आणि जिथे तलाव, कालवा, बोडी किंवा विहिरीचे पाणी आहे तिथे धान निघाल्यावर बांधीत दाण्यासाठी. दुसऱ्या प्रकारात बियाणे व खतावर रोख पैसा लागतो. तो वसूल होणे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : एकरी उभी राहिलेली रोपे आणि नत्र देण्याची वेळ.

बांधीची अडचण

धानासाठी चिखलणी केल्याने खालचा थर घट्ट होतो. मक्याच्या मुळांना हवा लागते. रोप गुडघाभर होईपर्यंत त्याला साचलेले पाणी अजिबात सोसत नाही. पाने पिवळी पडतात व वाढ थांबते. अशा वेळी युरिया टाकला तरी फायदा होत नाही, कारण साचलेल्या पाण्यात नत्र वाया जाते. म्हणून आधी निचरा, मग खत.

लागवडीच्या पद्धती

- फेकून पेरणी : मजुरी वाचते, पण बी कमी-जास्त खोलीवर पडते. कुठे दाटी, कुठे मोकळी जागा राहते. दाटीतील झाडांना कणीस लहान येते किंवा येतच नाही. डवरणीही करता येत नाही.
- नांगरामागे किंवा तिफणीने ओळीत पेरणी : हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत चांगली. उगवणीनंतर विरळणी करावीच लागते.
- सरी-वरंब्यावर टोकण : भारी बांधीसाठी सर्वांत सुरक्षित. वरंब्याच्या बगलेवर मध्यावर ४ ते ५ सेंमी खोल टोकण करा. पाणी सरीतून जाते, मुळे कोरड्यात राहतात.

रब्बीत दोन ओळींत ६० सेंमी व दोन रोपांत २० सेंमी अंतर ठेवा. या अंतराने एकरी सुमारे ३३,००० रोपे बसतात. त्यासाठी सुमारे ८ किलो बियाणे लागते. उगवणीनंतर १० मीटर ओळ मोजा. त्यात ५० च्या आसपास रोपे हवीत. ४० पेक्षा कमी असल्यास आठवडाभरात नांगे भरा.

पेरणी शक्यतो १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळात व्हावी. त्यासाठी त्या बांधीत लवकर येणारे धानाचे वाण घ्यावे लागते. पेरणी फार लांबली तर तुरा उन्हाळ्यात सापडतो, परागकण मरतात आणि कणसे अर्धवट भरतात.

खताची मात्रा (एकरी)

शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश अशी आहे. माती परीक्षणानुसार त्यात बदल करा.

- पेरणीपूर्वी : कुजलेले शेणखत ४ ते ५ टन
- पेरणीवेळी : डीएपी ५२ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश २७ किलो, युरिया १४ किलो
- ३० दिवसांनी : युरिया ३५ किलो
- ४० ते ४५ दिवसांनी : युरिया ३५ किलो

खत बियाण्याला लागू देऊ नका. ते बियाच्या बाजूला व थोडे खाली पडावे. कणसात दाण्यांच्या किती ओळी येणार हे झाड गुडघाभर असतानाच ठरू लागते, म्हणून ३० दिवसांचा हप्ता चुकवू नका. युरिया ओलीवर, ओळीच्या बाजूने देऊन मातीत मिसळा; पोंग्यात पडल्यास पाने करपतात.

धानाच्या जमिनीत जस्ताची कमतरता नेहमी आढळते. कोवळ्या पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट-पिवळे पट्टे ही तिची खूण. एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट जमिनीतून द्या, पण डीएपीत मिसळू नका. दोन्ही एकत्र आल्यास जस्त पिकाला मिळत नाही.

पाणी आणि राखण

रोपावस्था, तुरा, फुलोरा आणि दाणे भरणे या चार वेळी पाणी चुकवू नका. चारही पाळ्यांइतके पाणी खात्रीने नसेल तर मक्याऐवजी हरभरा, लाखोळी किंवा जवस बरे.

पोंग्यातील लष्करी अळीसाठी उगवणीपासून आठवड्यातून दोनदा शेत पाहा. रानडुकरे टोकलेले बी आणि दुधाळ कणसे दोन्ही खातात. त्यामुळे जंगलाला लागून एकट्याचा तुकडा लावण्यापेक्षा शेजाऱ्यांनी मिळून एकाच पट्ट्यात लागवड करावी. राखण वाटून घेता येते. नुकसान झाल्यास शेत साफ करण्याआधी फोटो काढून लगेच वन विभागाकडे अर्ज द्या.

वाणाची निवड व माती परीक्षणासाठी सोनापूर (गडचिरोली) किंवा सिंदेवाही (चंद्रपूर) येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधा.